लानबोडनचा काना

बस थांब्यावर नवा फलक लागला तो मंगळवारी. तो बघून माझ्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती अजून पुरती खाली उतरलेली नाही. माणसाच्या उंचीचा, चकचकीत, त्यावर आमच्या रोटकोफेल डोंगराचं चित्र, आणि चित्रावरून गावापासून वरपर्यंत गेलेली एक लालभडक रेघ. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'बुर्गलची वाट'. स्कीवरून डोंगर चढणाऱ्या पाहुण्यांसाठी, म्हणे. गावातली चार माणसं भोवती उभी राहून मान डोलावत होती. "काय सुंदर काढलंय!" सुंदर! ज्या बाईच्या नावानं ती रेघ मारली होती, तिनं हिवाळ्यात त्या जागेवरून उभ्या आयुष्यात एका माणसाला पाठवलेलं नव्हतं.

नोटबुर्गा ट्रिट्शर हे तिचं कागदावरचं नाव. आमच्या इनरग्राबन गावात ते कुणी वापरत नाही, सगळ्यांची ती बुर्गल. वय एकाहत्तर, बांधा ठेंगणा, आवाज मात्र दरी ओलांडून पलीकडे जाणारा. चौतीस वर्षं तिनं वरच्या शेतघरांवर टपाल पोचवलं. हिवाळ्यात वरचा रस्ता बंद होतो, तेव्हा ती चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला कातडं चिकटवायची, पाठीवर टपालाची पिवळी पिशवी घ्यायची आणि चढायची. पेन्शन असो, लग्नपत्रिका असो की कुणाच्या लेकाचं लष्करातून आलेलं पत्र असो, सगळं तिच्या पायांनी वर गेलं. चौतीस वर्षांत तीन दिवस टपाल पोचलं नाही. त्या तीन दिवसांबद्दल वरच्या लोकांनी तक्रार केली, आणि त्या तिन्ही दिवशी वरून बर्फ सुटला होता.

गुडघा गेल्यावर खात्यानं तिला घरी बसवलं. मग लोकच तिच्या घरी येऊ लागले. शुक्रवारी-शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची. शेगडीजवळच्या बाकावर ओले मोजे, टेबलावर नकाशा, आणि बुर्गलच्या हातात पेन्सिल. शाईला ती हात लावायची नाही. "बर्फ रोज बदलतो, शाई बदलत नाही," म्हणायची. तिची रीत उलटी होती. दुसरे आधी शिखर धरतात आणि मग तिथवर वाट शोधतात. ही आधी परतायच्या जागा काढायची. इथे नऊ वाजले तर परत. इथे पायाखाली बर्फ धप्प वाजला तर परत. इथे वारा फिरला तर परत. अशा चार-पाच फुल्या मारून झाल्या की त्यांच्यामधून वाट जोडायची, आणि शिखराला कधी टोक लावायची नाही. "ते दिसतंच की. त्याला कशाला काढायचं?"

आणि नकाशा हातात देण्याआधी एक प्रश्न. "तुमच्यात 'नाही' कोण म्हणणार?"

एकदा शहरातले चार डॉक्टर आले होते, तीन पुरुष आणि एक बाई. हा प्रश्न ऐकून तिघे खो खो हसले. बुर्गलनं नकाशाची घडी घातली आणि एप्रनच्या खिशात टाकली. "मग इथेच बसा आणि सूप प्या." तिघांची तोंडं बघण्यासारखी झाली. बरीच काचकूच झाल्यावर ती बाई, दातांची डॉक्टर होती, हळूच म्हणाली, "मी म्हणेन." बुर्गलनं नकाशा आणि पेन्सिल दोन्ही तिच्या हातात ठेवली. "आज ही मालकीण. ही वळली की तुम्ही वळायचं, तोंडातून शब्द न काढता." चौघे दुपारी एकच्या आत परत आले. तिघे फुरंगटलेले, बाई खुशीत.

अशा बाईच्या नावानं ही रेघ. आणि वर म्हणे सन्मान!

मंगळवारीच दुपारी पर्यटन कार्यालयाचा क्लेमेन्स तिच्याकडे फुलं घेऊन आला. हा खालच्या शहरातला, आमच्याकडे येऊन त्याला दोन हिवाळे झालेले. माणूस वाईट नाही, आणि हीच तर अडचण आहे. वाईट माणसाशी भांडताना मन मोकळं होतं तरी. मी तेव्हा तिथेच बार्लीचं सूप ओरपत बसलो होतो, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"बुर्गलबाई, तुमचं मनापासून अभिनंदन!"

बुर्गलनं फुलांकडे बघितलं. "मेलं कोण?"

"छे छे, कुणी नाही. तुमचा सन्मान आहे."

"आणि मला 'तुम्ही' काय म्हणून? मी आजारी आहे का?"

आमच्याकडे वर सगळ्यांना 'तू'. पाद्रीबाबालाही. इथे 'तुम्ही' म्हणतात ते फक्त डॉक्टर आणि पोलीस, आणि तेही काहीतरी झाल्यावर. क्लेमेन्स कसनुसा हसला आणि त्यानं फलकावरच्याच चित्राची घडीपत्रिका टेबलावर उलगडली. बुर्गलनं चष्मा लावला आणि त्या लाल रेघेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. चर्चपासून ओढ्याच्या कडेनं, कुरणातून वर. मग बोट थांबलं.

"हे बाकाचं चित्र कसलं?"

"तो विसावा! आम्ही खरंच बाक नेऊन ठेवलंय तिथे. काय ऊन येतं हो! रविवारी उद्घाटन आहे. चाळीस पाहुणे येणार. सगळे सावकाश चालत तिथवर, अकराच्या ठोक्याला गरम सूप आणि ट्रम्पेट."

"लानबोडनवर? अकरा वाजता?"

"लेनबोडन," क्लेमेन्सनं अगदी प्रेमानं दुरुस्ती केली.

तर हा एवढाच फरक. एक काना आणि एक मात्रा. लान म्हणजे आमच्या बोलीत डोंगरावरून सुटून येणारा बर्फाचा लोंढा. लेन म्हणजे जुन्या काळी जमीनदारानं कसायला दिलेली शेती. आणि बोडन म्हणजे सपाटी. काना असेल तर ती लोंढा येऊन पडायची जागा, जीव मुठीत धरून पळायचं. मात्रा असेल तर कुणाचं तरी जुनं शेत, बसा, शिदोरी सोडा.

ती सपाटी आहेच मोठी लबाड. तिथे उभं राहून वर बघितलं तर झाडीचा एक साधा उंचवटा दिसतो. त्याच्यामागे रोटकोफेलची पूर्वेची प्रचंड कढई आहे, बर्फानं काठोकाठ भरलेली, ती खालून दिसतच नाही. सकाळचं पहिलं ऊन तिच्यात पडतं. दहा-अकरापर्यंत तिथला बर्फ भिजून जड होतो. मग कधी सुटतो, कधी नाही. बुर्गलची खरी वाट उजवीकडून जाते, लार्चच्या झाडीतून आणि धारेवरून. चाळीस मिनिटं जास्तीची, चढ उभा, ऊन नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही. सगळे तिला शिव्या घालत चढतात आणि संध्याकाळी घरी येऊन जेवतात.

"ही रेघ माझी नाही," बुर्गल म्हणाली. "माझं नाव काढ."

"अहो, पण हा तुमच्या कामाचा सन्मान..."

"सन्मान तुझ्या आजीला दे. नाव काढ आणि रेघ पूस. आणि ती फुलं घेऊन जा, मला शिंका येतात."

रेघ कसली पुसतात! गुरुवारी आम्ही दोघं सरपंचाच्या कचेरीत गेलो. सरपंच विगिल आठवड्यातले पाच दिवस गाईंचा आणि उरलेले दोन दिवस गावाचा. मी बरोबर गेलो कारण बुर्गल पाच वाक्यांत संपवते आणि मला पन्नास लागतात. बत्तीस वर्षं या गावात शाळा शिकवलेली, कचेरीत आवाज चढवायला मला भीती वाटत नाही.

क्लेमेन्सनं मोठ्या पडद्यावर नकाशा लावला. यंत्रानं त्यात उतारांना रंग दिले होते. उभे उतार लाल-नारिंगी, सपाट जागा पांढरी. "बघा," तो म्हणाला, "लेनबोडन पांढराशुभ्र. बाईंची लार्चमधली वाट मात्र नारिंगी. म्हणजे उलट आपलीच वाट जास्त सुरक्षित. शिवाय चारशे बारा जणांनी आपल्या फोनमध्ये या वाटेची नोंद केली आहे. चारशे बारा गेले, चारशे बारा परत आले."

"किती वाजता गेले?" बुर्गलनं विचारलं.

"ते... ते यात दिसत नाही."

"कोणत्या महिन्यात?"

"तेही नाही दिसत."

"मग दिसतं काय तुला?"

इथे मी उसळलो. टेबलावर मूठ आपटली, विगिलची कॉफी सांडली. "अरे, सपाटीवर माणूस पायाखालच्या उतारानं मरतो का? वरून येतं ते! तुझ्या यंत्राला मान वर करून बघता येत नाही, तुला तरी येतं का? चाळीस माणसांना सूप प्यायला कुठे बसवतोस तू?" आणखीही पुष्कळ बोललो. ते इथे लिहीत नाही.

"मास्तर, हळू," विगिल म्हणाला. "गाई बिथरतील."

"नावच बघ की," बुर्गल म्हणाली. "लान. आणखी काय सांगायला हवं?"

"मीही तेच म्हणतोय, नाव बघा," क्लेमेन्स म्हणाला. "सरकारी नकाशात लेन आहे. म्हणजे इथे शेती होती. धोक्याच्या जागी शेतकरी घर बांधेल का?"

"मग दाखव ते घर. चुलीचा एक दगड दाखव. माझ्या बापानं तिथे तीनदा गवताचं कोठार बांधलं. तिन्ही वेळा लान घेऊन गेली. चौथ्यांदा त्यानं हात टेकले."

"आठवणी असतात हो माणसाच्या, मी नाही कुठे म्हणतो? पण माझ्याकडे कागद आहे."

आणि त्यानं खरंच कागद काढला. गडी कष्टाळू, नकाशाखात्याच्या दप्तरातून मागवला होता त्यानं. अडतीस वर्षांपूर्वी गावातून पाठवलेली जागांच्या नावांची यादी. डाव्या बाजूला लोक म्हणतात तसं नाव, उजव्या बाजूला लाल शाईत 'शुद्ध रूप'. डावीकडे लानबोडन. उजवीकडे, वळणदार अक्षरात, लेनबोडन. खाली सही होती, 'कास्सियान, शाळामास्तर'.

कास्सियान म्हणजे मी.

क्लेमेन्सला पत्ता नव्हता. मला सगळं गाव नुसतं मास्तर म्हणतं, माझं नाव त्यानं कधी ऐकलेलंच नव्हतं. विगिलनं कागद हातभर लांब धरला, चष्मा घरी राहिला होता, त्यानं 'हं' केलं आणि खाली ठेवला. राहिली बुर्गल. चौतीस वर्षं जिनं माझी पत्रं वाहिली, तिला माझं अक्षर ओळखू येणार नाही? तिनं कागदाकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. आणि मी, पाच मिनिटांपूर्वी मुठी आपटणारा, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

"कागद सरकारी आहे, बुर्गल," विगिल म्हणाला. "मी तरी काय करू? बँडवाल्यांना सांगून झालंय."

परतताना ती गुडघ्याबद्दल बोलत राहिली. हवा बदलणार, आतून ठणकतोय म्हणाली. तिच्या दाराशी आल्यावर "सूप आहे, ये," म्हणाली. मी म्हटलं, काम आहे. काम कसलं डोंबलाचं! घरी जाऊन भिंतीकडे बघत बसलो.

ती यादी मी एका दुपारी केली होती. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा, अंगात शुद्ध भाषेचं वारं भरलेलं. नकाशाखात्याचा माणूस आला, गावातली नावं गोळा करून झाली होती, म्हणाला, "मास्तर, जरा बघून द्याल का? फार गावंढळ वाटतात." गावंढळ! तो शब्द मला झोंबला. आमच्या म्हाताऱ्यांना कुठेही 'ए'चा 'आ' करायची खोड आहे. पाहुण्यांसमोर ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी लाल पेन घेतलं आणि दिसेल तिथे 'आ'चा 'ए' करत सुटलो. त्रेसष्ट नावं. कोणता 'आ' खोडीचा आणि कोणता खरा, हे एकाही म्हाताऱ्याला विचारलं नाही. लान हा शब्द मला माहीत नव्हता का? माझी आजी रोज म्हणायची. पण तो शब्द घरातला होता, आणि घरातलं कागदावर लिहायचं नसतं, हे मला शहरातल्या शाळेत छडीनं शिकवलं होतं. तेच मी पुढे वर्गात शिकवलं. असली चूक परका माणूस करूच शकत नाही. त्याला लान आणि लेनमधलं काहीच कळत नाही, तो बिचारा ऐकेल तसं लिहितो. ही चूक करायला आपल्याच बोलीची लाज वाटणारा गावचा हुशार माणूस लागतो.

शुक्रवारी मांडीपर्यंत बर्फ पडला. शनिवारी दक्षिणेचा उष्ण वारा सुटला, पागोळ्या गळायला लागल्या, आणि रेडिओवर डोंगरातल्या धोक्याची पाचपैकी तिसरी पायरी सांगितली. मी विगिलला गाठलं. तो गोठ्यात होता. "रस्ता असता तर मी बंद केला असता," तो म्हणाला, "पण उघड्या डोंगरात ज्याची त्याची जबाबदारी. आणि तिथे नकाशात तर शेत आहे, मास्तर." तोंडावर सांगितलं त्यानं मला. तेव्हाही मी बोललो नाही. गाईच्या पाठीवर हात फिरवला आणि घरी आलो. अशा माणसाला आपण वर्गात काय म्हटलं असतं, हे मला चांगलं माहीत होतं.

रविवारी आभाळ निळंभोर, ऊन कडक. नऊ वाजता बस थांब्यावर सगळं गाव लोटलं. बँड होता, फलकाला फीत होती, पाद्रीबाबानं पवित्र पाणी शिंपडलं. चाळीस पाहुणे रंगीबेरंगी कपड्यांत, नव्याकोऱ्या स्की घेऊन तयार. सुपाची दोन मोठी पिंपं घसरगाडीवर बांधलेली. क्लेमेन्सनं भाषण केलं, दरीची परंपरा, अनुभवाचा वारसा आणि काय काय. मग त्यानं बुर्गलच्या हातात कात्री दिली आणि तोंडासमोर माइक धरला.

मला वाटलं होतं, ती येणारच नाही. ती आली होती, टपालखात्याचा जुना कोट घालून, कानावर पेन्सिल खोचून.

"फीत कापते," ती म्हणाली. "पण मी कुणालाही नकाशा देण्याआधी एक प्रश्न विचारते. आजही विचारते. तुमच्यात 'नाही' कोण म्हणणार?"

पाहुणे हसले. कुणीतरी टाळीही वाजवली. त्यांना वाटलं, गावरान विनोद आहे. बुर्गल हसली नाही. कात्री हातात धरून नुसती उभी राहिली. हसू ओसरलं, कुजबुज झाली, तीही संपली. ट्रम्पेटवाला फुंकर मारून बोटं गरम करत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. एकदा जरी बघितलं असतं तरी मला तिचा राग धरता आला असता.

"मी," मी म्हणालो.

आवाज असा निघाला की गृहपाठ न केलेलं पोरही त्याहून मोठ्यानं बोलतं. मग पुढे गेलो आणि माइकवर सगळं सांगितलं. कागद माझा. शाई माझी. तिथे कधी कुणाची शेती नव्हती. तिथे लान येते, म्हणून तिचं नाव लान आहे, आणि ते मी खोडलं, कारण मला ते शोभणारं वाटलं नाही.

मग वरच्या शेतघरातली मोइडल, पंचाहत्तरीची, गर्दीतून कोपरं मारत पुढे आली. "मास्तरड्या! माझ्या पोरानं निबंधात 'लान आली आणि कोठार गेलं' असं लिहिलं होतं, आठवतंय? तू त्या शब्दाखाली लाल रेघ मारून चार गुण कापलेस! पोर दोन दिवस जेवलं नाही! कोठार खरंच गेलं होतं रे आमचं!"

मला आठवत नव्हतं. ते जास्त लागलं.

"म्हणजे हा कागद तुझा?" विगिलनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मग नकाशाच चुकीचा म्हणायचा."

"वा रे सरपंच," बुर्गल म्हणाली, माइक अजून तोंडासमोरच होता. "बापाचं कोठार तीनदा गेलं हे मी सांगितलं, ती आठवण. मास्तरनं तोंड उघडलं, तो पुरावा. गुरुवारी माझ्या तोंडात काय गवत होतं?"

विगिल कानापर्यंत लाल झाला. त्यानं घसरगाडीची दोरी स्वतः सोडली. "सूप इथेच वाटा," तो म्हणाला. "वर कुणी जाणार नाही. आणि जायचंच असेल त्यानं लार्चमधून जावं, दहाच्या आत धारेवर पोचत असेल तर."

"पण फोटो..." क्लेमेन्स म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

बुर्गल माझ्याकडे वळली. "लाल पेन आहे ना खिशात? असणारच. मग दुरुस्त कर."

पेन होतं. पेन्शनीत निघून अकरा वर्षं झाली तरी असतं. मी फलकावर लेनमधली मात्रा खोडायला गेलो, तर त्या चकचकीत पत्र्यावर शाई धरेचना, नुसती ओघळायला लागली. बुर्गलनं दोन क्षण बघितलं, मला बाजूला सारलं आणि फितीसाठी दिलेल्या कात्रीच्या टोकानं ती मात्रा खरवडून काढली, तिच्या जागी काना कोरला. मग बाकाचं चित्र खरवडलं. मग ती लाल रेघ, चर्चपासून वरपर्यंत, सावकाश. शेवटी स्वतःचं नाव. तो आवाज दातांत शिरत होता, पण पूर्ण होईपर्यंत कुणी हललं नाही. पाहुण्यांनी बस थांब्यावर उभ्यानं सूप प्यायलं. अर्धे कुरकुरत होते. बँडवाल्यांनी तेवढ्यात पोल्का नाचाच्या दोन धुना वाजवून घेतल्या.

घरी जाताना मी तिला विचारलं, "नकाशा छापून आला तेव्हाच बघितलं असशील तू. घरोघरी नकाशे तूच तर वाटलेस. बोलली का नाहीस?"

"तेव्हा तिथे जाणारे सगळे आपले होते," ती म्हणाली. "नकाशात काय लिहिलंय ते बघत होतं कोण? मला वाटलं, मास्तरला कशाला दुखवा." थोडं चालल्यावर म्हणाली, "माझीही चूकच ती."

सोमवारी सकाळी क्लेमेन्सचा फोन. "मास्तर, काल काही आलं नाही हो वरून. मी दुर्बिणीतून दिवसभर बघत होतो. बाक जागेवर आहे."

माझं डोकंच फिरलं. आलं नाही म्हणजे? यायला हवं होतं का? चाळीस माणसं खाली गाडली गेली असती म्हणजे तुझी खात्री पटली असती? मी फोन आपटला आणि तडक बुर्गलकडे गेलो, म्हटलं, ही तरी चिडेल. ती रबरानं कालच्या नकाशावरच्या फुल्या पुसत होती. "नाही आली? बरं झालं," म्हणाली. "उद्यासाठी दोघं जण येतायत. बस, सूप घे." या वेळी बसलो.

नकाशाखात्याला मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की नाव बदलायचं तर ते आजही स्थानिकांच्या वापरात असल्याचं दाखवावं लागेल, आणि केवळ वृद्धांच्या नव्हे. मी म्हटलं, त्यात काय, शाळा आहे. नव्या मास्तरणीनं मला आनंदानं वर्गात घेतलं. एकोणीस मुलं. मी विचारलं, "लान म्हणजे काय?"

एकही हात वर झाला नाही.

मी आजूबाजूनं विचारलं, कोठारं सांगितली, डोंगर सांगितला. त्यांना हिमस्खलन ठाऊक होतं, धोक्याच्या पाचही पायऱ्या पाठ होत्या. तो शब्द नव्हता. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'लान आली.' दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं मान वाकडी करून ते वाचलं. मोइडलची नात, हनुवटी तशीच.

"मास्तर, हे चूक आहे," ती म्हणाली. "आजी असं म्हणते कधीकधी. पण बाबा सांगतात, असं लिहायचं नसतं."

"बाबांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या मास्तरांनी."

मी खडू खाली ठेवला. "तो मास्तर चुकला होता," मी म्हणालो. "वहीत उतरवून घे. आणि घरी गेल्यावर बाबांना दाखव, म्हणावं, मास्तरनं चार गुण परत दिलेत."